देवावर टाकणं आणि देवावर टेकणं

भायखळ्याला आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, दर शुक्रवारी कॉटेज मीटिंग असते, म्हणजे कोणाच्या तरी घरी भरणारी प्रार्थना सभा. दोन खोल्यांच्या घरात पंधरा-सोळा माणसं, बाहेर गॅलरीत चपलांचा ढीग, आणि साक्षीची, म्हणजे देवाचा अनुभव सांगायची, वेळ आली की एक वाक्य हमखास: "मी सगळं देवावर टाकलंय." मध्यंतरी एकाच संध्याकाळी हे वाक्य दोघांनी म्हटलं. एक दहावीतला मुलगा, ज्याने भूमितीचं पुस्तक डिसेंबरपासून उघडलं नव्हतं. दुसरी एक बाई. तिच्या नवऱ्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. ती पहाटे उठून डबा करते, त्याला टॅक्सीत घालून नेते, चार तास बाहेरच्या बाकावर बसते आणि तिथूनच ऑफिसचे फोन घेते. दोघांनाही आम्ही त्याच सुरात "आमेन" म्हटलं. जिना उतरताना मला वाटलं, यातल्या एका आमेनची घाई झाली.

त्या मुलाने देवावर टाकलं होतं. ती बाई देवावर टेकली होती. लिहिताना काना काढून मात्रा दिली की झालं, एवढाच फरक. कदाचित म्हणूनच आपली गफलत होत असेल.

टेकणं म्हणजे काय ते मला उपदेशातून कळलं नाही, पप्पांच्या वॉकरमुळे कळलं. दोन वर्षांपूर्वी ते बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर फिजिओथेरपीची एक मुलगी घरी यायची. पहिला आठवडा पप्पा पलंगावरून हललेच नाहीत. वॉकर शेजारी उभा, त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेला. चालायचा विषय काढला की म्हणायचे, "आहे ना तो, बघू." दुसऱ्या आठवड्यात त्यांचा स्वाभिमान जागा झाला. शेजारचे काका भेटायला आले होते, त्यांच्यादेखत पप्पांनी वॉकर दोन्ही हातांनी उचलला आणि तसाच अधांतरी धरून हॉलमध्ये चार पावलं टाकून दाखवली. ती मुलगी किंचाळलीच. "काका, वॉकरला तुम्ही उचलायचं नाहीये, त्याने तुम्हाला उचलायचंय! वजन द्या त्याच्यावर!"

पप्पा खऱ्या अर्थाने टेकून चालायला लागले ते तिसऱ्या आठवड्यात. आणि गंमत म्हणजे ते सोपं नव्हतं. बनियन घामाने भिजायचा, तळहात लाल व्हायचे. ती मुलगी आल्या आल्या आधी त्यांचे तळहात बघायची. लाल असले की खूश.

टॉवेल वाळत घातलेला वॉकर म्हणजे टाकणं. लाल तळहात म्हणजे टेकणं. मधला तो अधांतरी वॉकर मला सगळ्यात ओळखीचा, कारण मंडळीत माझ्यासारखे बरेच जण तसेच चालतात. बळ स्वतःचंच, देव फक्त हातात धरलेला. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे" हे वचन टी-शर्टवर, गाडीच्या काचेवर, जिममध्ये जाणाऱ्या पोरांच्या स्टेटसवर असतं, आणि वाचताना आवाज चढतो तो "मी सर्वकाही" या दोन शब्दांवर. प्रेषित पौल ते पत्र बंदिवासात असताना लिहीत होता. आधीच्या वाक्यात विषय आहे पोट भरलेलं असणं आणि उपाशी असणं, दोन्हींत कसं राहायचं ते शिकल्याचा. ते जिंकण्याचं वचन नाही, निभावण्याचं आहे.

आता कोणी म्हणेल, शब्दांचा खेळ पुरे, बायबलमध्येच "टाका" लिहिलंय त्याचं काय? लिहिलंय खरं. पेत्राच्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात आहे: "त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो." स्तोत्र ५५ मध्येही "तू आपला भार परमेश्वरावर टाक." तिथलं हिब्रू क्रियापद खरोखर फेकून देण्याचंच आहे. पण टाकायचं काय, ते बघा. चिंता. भार. भूमितीचा अभ्यास नाही, पहाटेचा डबा नाही, नवऱ्याची फाइल नाही.

टेकण्यासाठी हिब्रूत वेगळं क्रियापद आहे, शाअन. नीतिसूत्रे ३:५ मध्ये "आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस" असं आपण वाचतो, तिथे मुळात हेच आहे, आपल्याच बुद्धीवर टेकू नकोस. आणि याच धातूपासून तेविसाव्या स्तोत्रातली काठी आली आहे, मिशएनेत, म्हणजे जिच्यावर टेकायचं ती. लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात" मी पुन्हा वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर पप्पांचा वॉकर आला. शिवाय त्या स्तोत्रातला माणूस मृत्युच्छायेच्या दरीतून चाललेला आहे, बसलेला नाही.

तेच क्रियापद यहूदाच्या आसा राजाच्या गोष्टीतही येतं, आणि ही गोष्ट आपल्याकडे उपदेशात फार कमी ऐकू येते. २ इतिहास, अध्याय १४ ते १६. कूशी जेरह दहा लाखांचं सैन्य घेऊन चालून आला तेव्हा आसाने प्रार्थना केली की आम्ही तुझ्यावर टेकलो आहोत. पण ही प्रार्थना त्याने घरात बसून केली नाही. स्वतःचं पाच लाख ऐंशी हजारांचं सैन्य बाहेर काढून, रणात व्यूह रचून केली. पुढे कारकिर्दीच्या छत्तिसाव्या वर्षी इस्राएलाचा बाशा त्याच्यावर चालून आला आणि रामा नगराची तटबंदी करू लागला. या वेळी आसाने मंदिराच्या भांडारातलं सोनं-रुपं काढून अरामाचा राजा बेन-हदाद याला पाठवलं आणि त्याची मदत विकत घेतली. डाव यशस्वी झाला. बाशा काम सोडून निघून गेला. मग हनानी द्रष्टा आला आणि म्हणाला, तू परमेश्वरावर न टेकता अरामाच्या राजावर टेकलास. आसाने त्याला तुरुंगात टाकलं.

इथे मी दरवेळी थांबतो. डाव फसला असता तर धडा सोपा होता. तो फसला नाही. स्वतःच्या अकलेवर टेकूनही कामं होतात, मुंबईत तर रोज होतात, म्हणून "यश आलं म्हणजे देवावर विसंबलो होतो" हा आपला हिशेब कच्चा आहे.

एकोणचाळिसाव्या वर्षी आसाच्या पायांना रोग झाला. दुखणं भारी होतं, तरी तो परमेश्वराला शरण गेला नाही, वैद्यांकडे गेला, असं लिहिलंय. या एका ओळीचा आधार घेऊन औषधं बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यासमोर हिज्कीया ठेवायला हवा. तोही यहूदाचाच राजा, मरणाला टेकलेला. त्याने भिंतीकडे तोंड करून रडून प्रार्थना केली आणि देवाने यशया संदेष्ट्याकरवी त्याला आयुष्याची १५ वर्षं वाढवून दिली. शब्द मिळाला, प्रश्न मिटला, नाही का? तर त्यानंतर यशया म्हणतो, अंजिरांचा लेप आणा आणि गळवावर लावा. देवाचा शब्द मिळाल्यावरही लेप लागलाच. म्हणजे आसाची चूक वैद्याकडे जाण्यात नव्हती, फक्त वैद्याकडेच जाण्यात होती.

माझ्या मावशीला हे समजावताना मला घाम फुटला होता. ती कुर्ल्याला राहते. एका मोठ्या प्रार्थना सभेतून ती आली आणि तिने ब्लड प्रेशरच्या गोळ्या बंद केल्या. "अरे, देवावर टाकलं ना सगळं, आता गोळी घेतली तर अविश्वास नाही का?" तीन आठवड्यांनी चक्कर येऊन ती स्वयंपाकघरात बसली तेव्हा वरचा आकडा १९० होता. पण मला जास्त बोलकं वाटलं ते दुसरंच. मधल्या त्या तीन आठवड्यांत मावशी रात्री दोन-दोनदा उठून स्वतःची नाडी बघत होती. कानात आवाज येतोय का, मान जड झालीय का. व्हॉट्सॲपवर सगळ्यांना प्रार्थनेची विनंती. काम तिने देवावर टाकलं होतं आणि काळजी स्वतःकडे ठेवली होती. पेत्राने सांगितलं त्याच्या अगदी उलट.

दोन माणसं वरवर सारखी दिसली तरी मी तेव्हापासून हेच बघतो, कोणी काय ठेवून घेतलंय आणि काय देऊन टाकलंय. ती डायलिसिसवाली बाई बाकावर बसल्या बसल्या चक्क झोपते. मी पाहिलंय, तोंड उघडं टाकून.

मराठीत या दोन टोकांना दोन म्हणी तयारच आहेत. एकीकडे "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी", तिला हसायला आपण शाळेतच शिकतो. दुसरीकडे "प्रयत्नांती परमेश्वर", आणि ही मात्र आमचे पाळकसुद्धा वेदीवरून बिनधास्त म्हणतात. ऐकायला चांगली आहे, पण शब्द नीट फोडून बघा. प्रयत्नाच्या अंती परमेश्वर. म्हणजे आधी माझी ताकद संपेपर्यंत मी, मग उरलंसुरलं त्याच्याकडे. पौल असं बोलतच नाही. कलस्सैकरांना तो सांगतो की मी झटून श्रम करतो, पण माझ्यात जोराने काम करणाऱ्या त्याच्या शक्तीनुसार. करिंथकरांना लिहितो की सगळ्यांपेक्षा जास्त श्रम मी केले, आणि त्याच दमात म्हणतो, मी नव्हे, माझ्याबरोबरच्या देवाच्या कृपेने. त्याच्या हिशेबात देव प्रयत्नाच्या शेवटी उभा नाही, प्रयत्नाच्या आत आहे. आणि शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवणी केल्यावर त्याला उत्तर मिळालं ते "माझी कृपा तुला पुरे आहे." काटा राहिला. प्रवासही चालूच राहिला.

चर्चच्या इतिहासात या दोन्ही टोकांवर माणसं जाऊन आली आहेत. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने नीट वागू शकतो असं म्हणणाऱ्या पेलागियसची शिकवण ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने फेटाळली. आत्म्याने काहीच करू नये, नुसतं निश्चल राहावं, या वळणाची मिगेल दे मोलिनोसची शिकवण रोमने १६८७ मध्ये.

आपल्या घरचं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई. त्यांनी विधवा आणि मुलींसाठीची शाळा, शारदा सदन, १८८९ मध्ये सुरू केली ती इथे मुंबईतच, पुढच्या वर्षी ती पुण्याला गेली. रमाबाई प्रार्थनेवर किती विसंबून होत्या ते सगळे सांगतात, आणि खरंच आहे. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, बाल विधवांना सोबत घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगावात विहिरी खणल्या, शेती केली, माग घातले, छापखाना काढला आणि खिळे जुळवायला मुलींनाच शिकवलं. बायबल मराठीत आणायचं म्हणून हिब्रू-ग्रीक शिकल्या. हे त्यांनी प्रार्थना कमी पडली म्हणून केलं असं म्हणायला माझी जीभ धजणार नाही. यरुशलेमेचा मोडलेला कोट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याच्या पुस्तकात एक वाक्य आहे, आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. त्या "आणि"च्या जागी त्याने "पण" लिहिलेलं नाही. तो कोट ५२ दिवसांत उभा राहिला.

बाहेरून ओळखणं अवघड आहे, हे मान्य. काम करणारा प्रत्येक जण टेकलेला नसतो, अधांतरी वॉकरवालेही भरपूर काम करतात. त्यांचं बिंग फुटतं ते काम बिघडल्यावर. मंडळीच्या वार्षिक सणाचा हिशेब माझ्याकडे होता, त्या वर्षी मी रोज प्रार्थना करून बसायचो. शेवटी अकराशे रुपयांचा फरक आला आणि कोणीतरी विचारल्यावर मी असा उसळलो की खजिनदारांनी मला पाणी दिलं. प्रार्थना रोजची होती, वजन मात्र सगळं माझ्या नावावरच दिलेलं होतं. टेकलेल्या माणसाला "मोजायला चुकलो, पुन्हा बघतो" एवढं म्हणता आलं असतं.

तो दहावीतला मुलगा पास झाला, भूमितीत जेमतेम. पुढच्या शुक्रवारी त्याने साक्ष दिली आणि आम्ही पुन्हा आमेन म्हटलं. काय करणार.

मावशीने गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. हिज्कीयाच्या लेपाची गोष्ट तिला पटली, पण अविश्वासाची रुखरुख काही जात नव्हती. मग तिनेच तोड काढली. आता गोळ्यांचा डबा बायबलशेजारीच असतो, आणि जेवणाआधी करते तशी ती गोळीआधीही प्रार्थना करते. फक्त जरा छोटी. गोळी जिभेवर विरघळायला लागते, म्हणते.