कोलॅजनेज : प्रयोगशाळेतील आणि वैद्यकीय उपयोग

कोलॅजन या प्रथिनाचे तंतू तोडणाऱ्या एंझाइमांना कोलॅजनेज म्हणतात. त्वचा, हाडे, कूर्चा आणि कंडरा यांचा, तसेच अवयवांतील पेशींना बांधून ठेवणाऱ्या जाळ्याचा मुख्य घटक कोलॅजन हा आहे. त्याच्या रेणूत तीन साखळ्या वेणीसारख्या घट्ट पिळलेल्या असून प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे ॲमिनो अम्ल येते. या पिळामुळे ट्रिप्सिनसारख्या पाचक एंझाइमांचे मूळ स्थितीतील कोलॅजनपुढे सहसा काही चालत नाही. तेच कोलॅजन उकळून पीळ सुटला, म्हणजे त्याचे जिलेटिन झाले, की ते सहज पचते. पीळ शाबूत असलेला तंतू शरीराच्या तापमानाला तोडू शकणे हे कोलॅजनेजचे वैशिष्ट्य होय.

प्राण्यांच्या शरीरातही असे एंझाइम असते. बेडूकमाशाचा बेडूक होताना त्याची शेपटी विरून जाते. या शेपटीच्या ऊतकात जेरोम ग्रॉस आणि लापिएर यांना १९६२ मध्ये ते सापडले. मात्र ते कोलॅजनच्या रेणूवर एकाच ठिकाणी घाव घालून त्याचे पाऊण आणि पाव असे दोन तुकडे करते, तर जीवाणूंचे कोलॅजनेज त्याच रेणूला अनेक ठिकाणी छेदते. त्यामुळे व्यवहारात जीवाणूजन्य एंझाइमच वापरले जाते. त्याचा प्रमुख स्रोत असलेला क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम (नवे नाव हॅथवेया हिस्टोलिटिका) हा जीवाणू पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, गॅस गँग्रीनच्या (जखमेतील ऊतक सडवणाऱ्या जीवाणूसंसर्गाच्या) अभ्यासातून ओळखला गेला. ‘ऊतक विरघळवणारा’ हा त्याच्या नावाचा अर्थ त्याच्या कर्तृत्वाला साजेसाच आहे. न्यूयॉर्कमध्ये इनेस मांडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये त्याच्या संवर्धातून कोलॅजनेज वेगळे केले. या जीवाणूची कोल-जी आणि कोल-एच अशी दोन कोलॅजनेज आहेत. दोहोंच्या क्रियास्थानी जस्ताचा अणू असतो आणि दोहोंना काम करण्यासाठी कॅल्शियम लागते.

प्रयोगशाळेत या एंझाइमाचा मुख्य उपयोग अवयवातील पेशी जिवंत ठेवून सुट्या करण्यासाठी होतो. मार्टिन रॉडबेल यांनी १९६४ मध्ये उंदराच्या मेदातून अशा रीतीने मेदपेशी मिळवल्या. पोटात तेल असल्याने त्या द्रवावर तरंगतात आणि इतर पेशी तळाशी बसतात. याच सुट्या पेशींवर हॉर्मोनांची क्रिया तपासता तपासता ते पेशींतर्गत संदेशवहनाच्या प्रश्नाकडे वळले आणि जी-प्रथिनांवरील (बाहेरचा संदेश पेशीच्या आत पोहोचवणाऱ्या प्रथिनांवरील) कार्यासाठी १९९४ च्या नोबेल पुरस्काराचे सहमानकरी ठरले. यकृताच्या पेशी वेगळ्या करताना आधी कॅल्शियमविरहित द्राव रक्तवाहिनीतून सोडून पेशींमधील सांधे सैल करतात आणि मग कॅल्शियमसह कोलॅजनेज सोडतात. थोड्याच वेळात अवयव इतका मऊ पडतो की हलक्या हाताने हलवल्यावर पेशी सुटू लागतात. औषधांचे यकृतात काय होते आणि ती यकृताला कितपत बाधतात, हे अशा पेशींवर पाहतात.

स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणारी पेशींची बेटे मिळवणे हे यापेक्षा अवघड काम आहे. ही बेटे ग्रंथीच्या जेमतेम एकदोन टक्के असतात. पॉल लेसी व कोस्टियानोव्स्की यांनी १९६७ मध्ये उंदराच्या स्वादुपिंडाच्या नलिकेत द्राव भरून ती ग्रंथी फुगवली आणि नंतर ती कोलॅजनेजने पचवली. येथे सारी कसोटी वेळेची असते : पचन अपुरे राहिले तर बेटांना भोवतालचे ऊतक चिकटून राहते आणि लांबले तर बेटेच फुटतात. कॅमिलो रिकॉर्डी यांच्या १९८८ मधील पद्धतीत सुटलेली बेटे पचनपात्रातून सतत बाहेर काढली जात असल्याने ही अडचण बरीच कमी झाली. कॅनडातील एडमंटन येथे २००० साली प्रसिद्ध झालेल्या कार्यात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या सात रुग्णांना अशी बेटे दिल्यावर त्यांची इन्शुलिनची इंजेक्शने थांबली होती.

या कामात शुद्धतेचा आग्रह उलटतो. निव्वळ कोलॅजनेजने ऊतक नीट सुटत नाही, त्याला इतर प्रथिनभंजक एंझाइमांची जोड लागते. म्हणून जीवाणूच्या संवर्धातून मिळणारी भेसळयुक्त तपकिरी पूडच दीर्घकाळ उपयोगी पडत आली आहे. तिचा दोष असा की प्रत्येक घाण्याचे, म्हणजे एका वेळी तयार केलेल्या मालाचे, गुण वेगळे निघतात. अनुभवी प्रयोगशाळा त्यामुळे आधी नमुने मागवून तपासतात आणि जमलेल्या घाण्याचा साठा राखून ठेवतात. बाटलीवरील ‘प्रकार १’, ‘प्रकार ४’ ही नावे विक्रेत्यांच्या वर्गीकरणातील आहेत, कोलॅजनच्या प्रकारांशी त्यांचा संबंध नाही. नवखे विद्यार्थी येथे हमखास फसतात. शिवाय या मिश्रणाने पेशीपृष्ठावरील काही प्रथिनेही कुरतडली जातात, याचे भान निष्कर्ष काढताना ठेवावे लागते.

वैद्यकात कोलॅजनेजचे मलम शय्याव्रण, मधुमेही पायावरील जुनाट व्रण आणि भाजलेल्या जखमा यांतील मृत ऊतक हळूहळू सोडवण्यासाठी वापरतात. चांदीयुक्त किंवा आयोडीनयुक्त जंतुनाशकांनी ते निष्क्रिय होते, म्हणून ही औषधे त्याच्यासोबत लावत नाहीत.

इंजेक्शनासाठी मात्र शुद्ध एंझाइमच लागते. दुपित्रां विकारात तळहाताच्या त्वचेखाली कोलॅजनची दोरी तयार होऊन अनामिका किंवा करंगळी वाकडी राहते. हा विकार उत्तर युरोपीय वंशाच्या उतारवयातील पुरुषांत विशेष आढळतो. अमेरिकेत २०१० मध्ये संमत झालेल्या उपचारात ०.५८ मिलिग्रॅम कोलॅजनेज थेट दोरीत टोचतात आणि एकदोन दिवसांनी डॉक्टर बोट ताणून ती तोडतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपचार घेतलेल्यांपैकी ६४ टक्के सांधे जवळजवळ पूर्ण सरळ झाले. औषधविरहित इंजेक्शन दिलेल्यांत हे प्रमाण ६.८ टक्के होते. रक्तवाहिन्या आणि चेता यांच्या आधारपटलातील (पेशींखालील पातळ पडद्यातील) चौथ्या प्रकारचे कोलॅजन या एंझाइमाला बऱ्याच अंशी दाद देत नाही, त्यामुळे त्या सहसा वाचतात. कंडरेला हे संरक्षण नसते आणि सुई थोडी चुकली तरी ती तुटू शकते. शिश्न वाकवणाऱ्या पेरोनी विकारासाठी २०१३ मध्ये, तर नितंबांवरील त्वचेच्या खळग्यांसाठी २०२० मध्ये याच एंझाइमाला अमेरिकेत मान्यता मिळाली. यांपैकी दुसऱ्या, केवळ सौंदर्यासाठीच्या औषधाचे उत्पादन त्वचेखालील रक्तस्राव आणि दीर्घकाळ टिकणारे डाग यांच्या चिंतेमुळे २०२२ मध्ये थांबवण्यात आले.