पोट्टे उशिराच बोलतात, म्हणून थांबायचं?

"काही होत नाही बाप्पा, याचा बापबी तिसऱ्या वर्षीच बोलला." नागपुरात दीड वर्षाचं पोर बोलत नसलं की आजीचं हे वाक्य ठरलेलं. मुलगे सरासरीने थोडे उशिरा बोलतात, एवढं खरं. पण ऑटिझमची (स्वमग्नतेची) चाहूल नुसत्या शब्दांत शोधायची नसते.

फुटाळा तलावावर फिरताना फुगेवाला दिसला, तर बाळ बोट दाखवून तुमच्याकडे वळून बघतं का? हाक मारली की मान वळवतं का? खोटा खोटा चहा पाजतं का? एम-चॅट या प्रश्नावलीत असेच २० हो-नाही प्रश्न असतात. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे, उत्तरं आईबाबांनीच द्यायची. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येक बाळाची अशी चाचणी करायला सांगते. शंका असो वा नसो. आपल्याकडे बूस्टर डोसही साधारण त्याच वयात असतो, तेव्हाच डॉक्टरांना विचारा.

गुण जास्त आले म्हणजे ऑटिझम ठरला, असं नाही (ही भीतीही फार पसरलेली). पुढची तपासणी हवी, इतकंच. कानांची तपासणीही त्यात आली. स्पीच थेरपीला मात्र पक्क्या निदानाची वाट बघावी लागत नाही.