क्रुशेवो आणि क्रुशेवात्स: एका झाडाच्या नावाची दोन गावं

बाल्कनच्या नकाशावर सर्बियातल्या क्रुशेवात्सवर बोट ठेवा आणि ते सरळ खाली, दक्षिणेकडे ओढत न्या. हवाई अंतराने साधारण अडीचशे किलोमीटर गेल्यावर बोट जवळजवळ नेमकं उत्तर मॅसिडोनियातल्या क्रुशेवोवर येऊन टेकतं. रेखांश एकच म्हणावा इतका जवळचा, नावाचं मूळ सारखं, आणि दोन महायुद्धांची वर्षं वगळली तर १९१३ पासून १९९१ पर्यंत दोघांवर राज्यही एकच. गोंधळ व्हायला आणखी काय हवं? त्यात रोमन लिपीतलं स्पेलिंग बघून आपण क्रुशेवात्सचं ‘क्रुसेवॅक’ करून टाकतो. शेवटच्या त्या अक्षराचा सर्बियन उच्चार ‘त्स’ आहे.

नाव सारखं असलं तरी ही गावं एकमेकांची कुणीच लागत नाहीत. एक राजाने राजधानी म्हणून वसवलं. दुसरं डोंगरातलं लहानसं खेडं होतं, ते परागंदा झालेल्या लोकांनी मोठं केलं, आणि त्या लोकांची भाषा गावाला नाव देणाऱ्यांच्या भाषेहून पार वेगळी होती. मला दुसरं जास्त रंजक वाटतं, म्हणून पहिल्याचं लवकर उरकणार आहे.

आधी नाव. मॅसिडोनियन आणि बल्गेरियन भाषांत ‘क्रुशा’ म्हणजे नाशपाती, सर्बियनमध्ये ‘क्रुश्का’. त्याला ‘-एव’ हा ‘अमक्याचं’ असा अर्थ देणारा प्रत्यय लागला की ‘क्रुशेव’, म्हणजे नाशपातीचं. पुढचा ‘-ओ’ नपुंसकलिंगी, कारण खेड्याला असलेला ‘सेलो’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. ‘क्रुशेवो सेलो’ म्हणता म्हणता ‘सेलो’ गळून पडलं. ‘-आत्स’ हा पुल्लिंगी नाम घडवणारा प्रत्यय. गड-शहराला असलेला ‘ग्राद’ हा शब्दही पुल्लिंगीच. तेव्हा दोन नावांतला फरक केवळ शेपटाचा आहे आणि त्या शेपटावरून फार तर व्याकरण कळतं, इतिहास नाही.

झाडाझुडपांवरून गावाचं नाव पडणं सर्बियन-बल्गेरियनसारख्या स्लाव्ह भाषांच्या मुलखात इतकं सर्रास आहे की अशा नावाने गाव ओळखूच येत नाही. कॉर्नेलच्या झाडावरून द्रेनोवो, अक्रोडावरून ओरेहोवो, बीच नावाच्या झाडावरून बुकोवो, खाजकोयलीसारख्या चटके देणाऱ्या ‘कोप्रिवा’वरून बल्गेरियातलं कोप्रिवश्तित्सा. आपल्याकडे नुसतं ‘वडगाव’ म्हटलं तर पुढचा माणूस ‘कुठलं?’ विचारतोच, मग शेरी, मावळ, बुद्रुक असं काहीतरी जोडावं लागतं. क्रुशेवोचंही तसंच. बोस्निया, माँटेनेग्रो, बल्गेरिया, जिकडे स्लाव्ह भाषा तिकडे एखादं क्रुशेवो आहेच.

क्रुशेवात्सच्या बाबतीत मात्र नाशपातीला एक प्रतिस्पर्धी आहे. शहरातले लोक सांगतात की नाव ‘क्रुशात्स’वरून आलं: नदीतला गोलसर गुळगुळीत दगड, जो किल्ला बांधताना वापरला. गोष्ट छान आहे, बांधकामाशी जुळतेही. पण आजूबाजूच्या मुलखात याच साच्याची इतकी नावं फळझाडावरून आलेली असताना एका शहरासाठी दगड शोधायला जाण्याची गरज मला दिसत नाही. राजधानीला फळझाडाचं नाव शोभत नाही, असं कुणाला तरी कधीतरी वाटलं असावं.

राजधानी ती होतीच. १३७१ मध्ये मारित्सा नदीकाठच्या लढाईत ऑटोमन तुर्कांच्या सैन्याने सर्बियन सरदारांचा धुव्वा उडवला. त्याच वर्षी सर्बियाचा शेवटचा सम्राट उरोश निपुत्रिक वारला आणि सत्तेचे तुकडे झाले. त्यातला उत्तरेकडचा मोठा तुकडा प्रिन्स लाझारच्या हातात आला. त्याने रासिना नदीजवळ, समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटर उंचीवर, मोक्याच्या सपाटीवर आपलं ठाणं वसवलं. किल्ल्यातलं लाझारित्सा चर्च आजही उभं आहे: दगड आणि विटांचे आळीपाळीने पट्टे, खिडक्यांभोवती दगडात कोरलेली जाळी. १३८९ मध्ये लाझार इथून ऑटोमनांशी लढायला कोसोव्होच्या मैदानावर गेला तो परत आला नाही. पुढे त्याच्या मुलाने राजधानी बेलग्रेडला हलवली. शहर ऑटोमनांकडे गेल्यावर त्यांनी त्याचं नावच बदललं: अलाजाहिसार, म्हणजे रंगीबेरंगी किल्ला. सत्ता गेली तसं ते नावही गेलं आणि १८३३ नंतर, सर्बियन राज्यात परतल्यावर, क्रुशेवात्स पुन्हा क्रुशेवात्स झालं. इथल्या लोकांना ‘चारापानी’, म्हणजे मोजेवाले, असं टोपणनाव आहे. पहिल्या सर्बियन उठावात त्यांनी बूट काढून नुसत्या मोज्यांवर, पावलांचा आवाज न करता तुर्कांवर छापा घातला, असं सांगतात. आज पन्नास हजारांहून जास्त वस्तीचं, कारखान्यांचं शहर आहे ते.

आता डोंगरातल्या क्रुशेवोकडे.

हे बुशेवा डोंगरावर, सुमारे १,३५० मीटरवर आहे. खाली पेलागोनियाचं मैदान सहाशे मीटरांच्या आसपास, म्हणजे चढ बराच. मॅसिडोनियातलं सर्वांत उंचावरचं शहर म्हणून याची ओळख करून देतात, पण चार-पाच हजार वस्तीला शहर म्हणायचं की खेडं, हा कागदोपत्रीचा प्रश्न. एक गमतीची गाठ इथे पडते. खालच्या मैदानातलं प्रिलेप हे १३७१ नंतर मार्कोचं ठाणं होतं. हा मार्को म्हणजे दक्षिण स्लाव्ह पोवाड्यांतला सर्वांत लाडका वीर. त्याचा बाप वुकाशिन मारित्साच्या त्याच लढाईत पडला होता. तिकडे लाझार क्रुशेवात्स उभारत असताना इकडे, आजच्या क्रुशेवोच्या पायथ्याशी, मार्को सुलतानाचा मांडलिक होऊन बसला होता. क्रुशेवोला मात्र त्या काळातलं कुणी राजेरजवाडे नाहीत, किल्ला नाही. होतं ते एक लहानसं स्लाव्ह खेडं आणि नाशपातीची झाडं.

गाव बदललं ते अठराव्या शतकाच्या शेवटी, आणि त्याचं कारण दुसऱ्याच डोंगरातल्या दुसऱ्याच गावात आहे.

आजच्या आग्नेय अल्बेनियात, कोर्चाजवळच्या डोंगरात मोस्कोपोले नावाचं गाव आहे. अल्बेनियन लोक त्याला वोस्कोपोया म्हणतात. अठराव्या शतकाच्या मध्याला ते बाल्कनमधल्या श्रीमंत गावांपैकी एक होतं. तिथले लोक व्लाख, म्हणजे अरोमुनियन. भाषा लॅटिनमधून निघालेली, रुमानियनच्या जवळची. मूळ धंदा मेंढपाळीचा आणि खेचरांच्या तांड्यांवरून मालाची ने-आण करण्याचा. त्यातून पुढे व्हेनिस आणि व्हिएन्नापर्यंत व्यापार पसरला. डोंगरातल्या या गावात छापखाना होता आणि १७४४ पासून ‘नवी अकादमी’ नावाची शाळा होती. तिथले प्रमुख थिओडोर कावालिओतिस यांनी १७७० मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या पाठ्यपुस्तकात ग्रीक, अरोमुनियन आणि अल्बेनियन असा त्रिभाषी शब्दसंग्रह आहे. अरोमुनियन आणि अल्बेनियन भाषांचा अभ्यास करणाऱ्यांना तो आजही उघडावा लागतो.

मग रशिया-तुर्की युद्धाच्या धामधुमीत, १७६९ मध्ये, अल्बेनियन टोळ्यांनी गाव लुटलं. नंतरही लूटमार होत राहिली. १७८८ मध्ये अली पाशा या ऑटोमन सुभेदाराच्या माणसांनी उरलंसुरलं संपवलं. लोक पांगले. पैसेवाले हंगेरी-ऑस्ट्रियात गेले. बुडापेस्टच्या प्रसिद्ध साखळी पुलाला भांडवल पुरवणारे बॅरन सिना हे मूळ याच गावच्या घराण्यातले. बाकीच्यांनी डोंगरातच जागा शोधल्या, आणि त्यातली एक जागा म्हणजे क्रुशेवो. आसपासच्या उजाड झालेल्या इतर व्लाख खेड्यांतूनही माणसं आली. पश्चिम मॅसिडोनियातले मियाक आले, तेही मेंढपाळीचे आणि हाताने कसबी. काही ऑर्थोडॉक्स अल्बेनियन कुटुंबं आली. दोन-तीन पिढ्यांत नाशपातीच्या खेड्याचं व्यापारी गाव झालं: दगडी तळमजला, वर पुढे आलेल्या खिडक्यांचा मजला, कोरीव लाकडी छतं.

मला लक्षात ठेवावीशी वाटते ती गोष्ट इथे आहे. येणाऱ्यांची संख्या मोठी, पैसा त्यांचा, बाजारात भाषा त्यांची. मोस्कोपोलेसारख्या नामवंत गावाची आठवण ताजी असताना ‘नवं मोस्कोपोले’ असं नाव देणं अवघड नव्हतं. जगभर निर्वासितांनी तसं केलेलं आहे. यांनी ते केलं नाही. स्लाव्ह नाव तसंच ठेवलं, फक्त आपल्या जिभेवर वळवून ‘क्रुशुवा’ म्हणू लागले. त्यामुळे निव्वळ नावावरून इतिहास लावायला जाल तर हे स्लाव्ह शेतकऱ्यांचं गाव ठरेल, आणि व्लाखांचा, म्हणजे गाव ज्यांनी उभं केलं त्यांचा, पत्ताच लागणार नाही. आज क्रुशेवो नगरपालिकेत अरोमुनियन ही मॅसिडोनियनसोबत अधिकृत भाषा आहे. ती भाषा जगात फार थोड्या ठिकाणी सरकारी कागदावर दिसते.

या मिश्र गावात एकोणिसाव्या शतकात ग्रीक, रुमानियन आणि बल्गेरियन अशा तिन्ही प्रकारच्या शाळा चालत. प्रत्येकीमागे एकेका राष्ट्राचा पैसा आणि इरादा होता. सख्खे भाऊ वेगवेगळ्या शाळेत जाऊन वेगवेगळ्या राष्ट्राचे होऊन बाहेर पडू शकत, असा तो काळ. २ ऑगस्ट १९०३ ला, संत एलियाच्या सणाला, मॅसिडोनियन क्रांतिकारी संघटनेने ऑटोमनांविरुद्ध उठाव केला तेव्हा बंडखोरांनी क्रुशेवो ताब्यात घेतलं आणि प्रजासत्ताक जाहीर केलं. प्रमुख निकोला कारेव, पेशाने शाळामास्तर आणि विचाराने समाजवादी. गावातल्या निरनिराळ्या समाजांना परिषदेत जागा दिल्या गेल्या. शस्त्रं कमी पडली म्हणून चेरीच्या खोडाच्या तोफा केल्या. फळझाडाच्या नावाचं गाव आणि फळझाडाच्या तोफा. त्या तोफांचा उपयोग किती झाला असेल याचा अंदाज कुणीही करावा. दहा दिवसांत बख्तियार पाशाचं हजारोंचं सैन्य येऊन थडकलं. पितू गुली हा व्लाख म्होरक्या मेचकिन कामेन इथे, म्हणजे ‘अस्वलाच्या दगडा’शी, लढत पडला. गाव लुटलं आणि जाळलं गेलं. सर्वांत जास्त झळ लागली ती सधन व्लाखांच्या वस्तीला. ज्यांच्या आज्या-पणज्या मोस्कोपोलेच्या राखेतून निघाल्या होत्या, त्यांच्याच घरांना पुन्हा आग लागली.

क्रुशेवो आणि क्रुशेवात्स खरोखर सारखी असतील तर ती इथे, नावात नव्हे. दोघांचीही कीर्ती पराभवावर उभी आहे, आणि दोन्ही पराभव संतांच्या नावाने ओळखले जातात. कोसोव्होच्या लढाईचा दिवस विदोवदान, म्हणजे संत व्हिटसचा, आजच्या पंचांगाने २८ जून. सर्बियात तो पाळला जातो. क्रुशेवोच्या उठावाचा दिवस इलिनदेन, २ ऑगस्ट. तो उत्तर मॅसिडोनियाचा प्रजासत्ताक दिन आहे. कोसोव्होबद्दल सर्बियन पोवाडे आहेत, त्यामुळे वाद कमी आणि गाणी जास्त. इलिनदेन उठाव करणारे स्वतःला काय म्हणवत, बल्गेरियन की मॅसिडोनियन, यावर सोफिया आणि स्कोप्ये अजून भांडतात.

छायाचित्रांतही दोन्ही गावांची अदलाबदल व्हायला वाव आहे, कारण दोन्हीकडे युगोस्लाव काळातली भव्य स्मारकं आहेत. मॅसिडोनियातल्या क्रुशेवोवरचं ‘मकेदोनियुम’ १९७४ चं, योर्दान आणि इस्क्रा ग्राबुलोस्की यांनी घडवलेलं: टेकडीवरचा पांढरा गोल, त्यातून चहूबाजूंनी बाहेर आलेले खिडक्यांचे फुगवटे, आत निकोला कारेवची कबर. सर्बियातल्या क्रुशेवात्सचं ‘स्लोबोदिश्ते’ बोगदान बोगदानोविचचं; दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गोळ्या घातलेल्या लोकांच्या आठवणीसाठी मातीचे उंचवटे आणि त्यांच्यामध्ये दगडी पंख. पांढरा गोल दिसला तर डोंगरातलं, दगडी पंख दिसले तर सपाटीवरचं. गायक तोशे प्रोएस्कीच्या स्मारकघराचा किंवा पॅराग्लायडिंगचा उल्लेख आला तरी डोंगरातलंच समजा. पोवाडे आणि लाझार आले तर सर्बियातलं.

आणखी एक क्रुशेवो उत्तर ग्रीसमध्ये, सेरेसच्या डोंगराळ भागात होतं. तो मुलूख ग्रीसकडे गेल्यावर विसाव्या शतकात तिथली स्लाव्ह नावं सरकारने एकामागून एक बदलली. बऱ्याच गावांना प्राचीन ग्रीक वाटावीत अशी नावं दिली, पण या गावाच्या वेळी अधिकाऱ्यांनी सरळ भाषांतर केलं. ग्रीकमध्ये नाशपाती म्हणजे ‘अख्लादी’. त्यामुळे नकाशात तिथे क्रुशेवो शोधून सापडणार नाही. अख्लादोखोरी शोधावं लागेल.