तेजोमेघाचा लाल रंग आणि सेन्सरपुढची काच

विदर्भातल्या वावरातून आज तेजोमेघांचे जे फोटो निघतात, त्यांची खरी सुरुवात डिजिटल कॅमेऱ्यापासूनच धरावी. मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो १८८० साली अमेरिकेत ११ इंची दुर्बिणीवर, प्लेट ५१ मिनिटं उघडी ठेवून घेतला गेला. पुढची शंभर वर्षं मात्र हौशी माणसाच्या हाती फारसं लागलं नाही. मंद उजेडात फिल्म सुस्तावते. वेळ दुप्पट दिला तरी नोंद दुप्पट होत नाही. ट्रॅकिंग, म्हणजे सरकत्या ताऱ्यामागे दुर्बीण फिरवणं, चुकलंय हे फिल्म धुतल्यावरच कळे.

लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा, म्हणजे डीएसएलआर आला आणि वाद सुरू झाला: सेन्सरपुढची काच काढायची की ठेवायची? माणसांच्या फोटोत रंग नीट यावेत म्हणून ती बसवलेली असते. अवरक्त किरणांसोबत तेजोमेघाला लाल रंग देणारा हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा उजेडही ती खाते. साधारण चौथा हिस्साच आत पोचतो. २००५ साली एका जपानी कंपनीनं हा लाल उजेड जास्त आत सोडणारा कॅमेराच बाजारात आणला. तो महाग, म्हणून लग्नाच्या ऑर्डरी करून थकलेला जुना कॅमेरा खोलायची रीत पडली. काच नुसती काढली तर फोकस काचेच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शानं पुढे सरकतो आणि काही लेन्सचा फोकस अनंतावर, म्हणजे ताऱ्यांवर, येतच नाही. त्याच जाडीची पारदर्शक काच बसवावी. दिवसाचे फोटो तांबूस येतात, वॉरंटी जाते. मृगातला तेजोमेघ एवढा तेजस्वी आहे की त्याच्यासाठी कॅमेरा खोलू नये. एकशृंग तारकासमूहातला गुलाबाच्या आकाराचा तेजोमेघ मात्र काच ठेवून फिकाच येतो.

विदर्भात ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम १९ ते २१ अंश. धुऱ्यावरचा कडुनिंब आड आला की पोलर अलाइनमेंट, म्हणजे दुर्बिणीचा फिरायचा आस ध्रुवाकडे जुळवणं, अडतं. ते ढिलं राहून चालत नाही: ५०० मिमी नाभीय अंतर आणि ४.३ मायक्रॉनचा पिक्सेल असेल, तर ट्रॅकिंगशिवाय मृगातला तारा सेकंदाला ८-९ पिक्सेल सरकतो. दुर्बीण फिरवणाऱ्या माउंटला फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी पुरते; एक अँपिअर ओढला तर सहाएक तास. ओलिताच्या गव्हाशेजारी दुर्बीण मांडू नये, डिसेंबरात मध्यरात्रीआधीच भिंगावर दव धरतं.

२०१५ नंतर खांबाखांबावर एलईडी आले. सोडियमचा बहुतेक उजेड पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात असे, फिल्टरनं कापता येई. एलईडीचा पांढरा उजेड सगळ्या रंगांत पसरतो. म्हणून हायड्रोजनचा ६५६.३ आणि ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटर, एवढ्याच पट्ट्या सोडणारे फिल्टर आता गावातही लागतात. काच न काढलेल्या कॅमेऱ्यावर त्यातली लाल पट्टी पुन्हा अडतेच.