स्वतःच्याच फाइलला आपण परके कसे होतो?

समजा, फोंड्याच्या एखाद्या हौशी नाट्यमंडळाने जत्रेत झालेल्या जुन्या नाटकांच्या संहिता स्कॅन करून बाहेरच्या हार्डडिस्कवर जपल्या आहेत. लिनक्सवर (विंडोजसारखीच एक संगणकप्रणाली) चालणारा जुना संगणक बंद पडतो आणि डिस्क नव्याला जोडली जाते. आता संहितेत साधी दुरुस्ती करून सेव्ह करायला गेलं, की 'परमिशन डिनाइड'. कार्यकर्ता ऑनलाइन विचारतो, "फाइल सेव्ह होत नाही, काय करू?" उत्तर येतं: सगळ्याला ७७७ देऊन टाका.

हा सल्ला मला मनापासून खटकतो. १९६९मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत युनिक्स ही संगणकप्रणाली आकाराला येऊ लागली, तेव्हा एकच यंत्र अनेकजण वापरत. म्हणून प्रत्येक फाइलवर मालक, गट आणि इतर अशा तिघांचे हक्क वेगवेगळे नोंदले जातात. लिनक्सनेही तीच रीत उचलली. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १; यांची बेरीज करून मालक, गट आणि इतर यांचा एकेक आकडा ओळीने लिहायचा. ६४४ असेल तर मालक वाचतो-लिहितो, बाकीचे नुसते वाचतात. ७७७ म्हणजे त्या यंत्रावरच्या कुणालाही, कुठल्याही प्रोग्रॅमला सगळंच मोकळं. शिवाय त्याने नवी दुखणी उद्भवतात: एसएसएच म्हणजे दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याचा प्रोग्रॅम; त्याची खासगी की, म्हणजे ओळख पटवणारी गुप्त फाइल, इतकी उघडी दिसली, तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं.

संहितांचं दुखणं बहुधा वेगळंच असतं. डिस्कवर मालकाचं नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. उबंटू या लिनक्सच्या प्रकारात पहिल्या वापरकर्त्याला सहसा १००० मिळतो, दुसऱ्याला १००१. समजा, जुन्या यंत्रावर तुम्ही दुसरे होतात, नव्यावर पहिले आहात. म्हणजे माणूस तोच, पण क्रमांक जुळत नाही. फाइलींची माहिती दाखवणारी 'एलएस -एल' (ls -l) ही आज्ञा दिली, की मालकाच्या नावाच्या जागी नुसतं १००१ दिसतं.

मदत मागताना नेमकी हीच ओळ पाठवायची. सोबत तुमचा आत्ताचा क्रमांक सांगणाऱ्या 'आयडी' (id) या आज्ञेचं उत्तर आणि पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा. जाणकाराला दोन क्रमांकांतली तफावत लगेच दिसते आणि त्या एकाच फोल्डरचा मालक बदलून काम भागतं. फाइल पुसली जात नसेल तर तिच्या फोल्डरचीही ओळ पाठवा, कारण पुसण्याचा हक्क फोल्डरवरून ठरतो.

'सुडो'ने (sudo) सुरू होणारी, म्हणजे यंत्रावरच्या सर्वोच्च अधिकाराने चालणारी आज्ञा कुणी दिली, तर ती काय करते हे आधी विचारा. पासवर्ड किंवा खासगी की मागितली तर तिथेच थांबा; हे निदान करायला त्यांची गरजच नसते.