1813 कोरलंय म्हणून पदक 1813 चं नसतं

'आयर्न क्रॉस' या क्रॉसच्या आकाराच्या जर्मन लष्करी पदकाच्या मागच्या बाजूला खालच्या भुजेवर 1813 दिसलं की 'नेपोलियनच्या काळातलं अस्सल पदक' म्हणून ते विकलं जातं. हा समज चुकीचा आहे आणि नवखे संग्राहक त्यात फार पैसे घालवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याने 10 मार्च 1813 ला हे पदक सुरू केलं. 1870, 1914 आणि 1939 मध्ये ते पुन्हा सुरू झालं, तेव्हा द्वितीय श्रेणीच्या पदकावर मूळ स्थापनेचं साल मागे तसंच ठेवलं. म्हणून पदक उलटवून पुढची बाजू बघा. खालच्या भुजेवर 1914, मध्ये डब्ल्यू (W) हे अक्षर आणि वर मुकुट असेल, तर ते पहिल्या महायुद्धाचं. अशी पदकं लाखोंनी वाटली गेली. 1813 च्या मूळ पदकाची एक बाजू मात्र कोरी असायची.

कडाही नीट पाहा. काळा लोखंडी गाभा चांदीच्या दोन अर्ध्या चौकटींत बसवून त्या डाख देऊन जोडलेल्या असतात, त्यामुळे कडेने सांध्याची बारीक रेघ दिसते. एकसंध ओतलेला तुकडा असेल तर ती बहुधा नक्कल असते.