एचिगो-युझावा की एचिगो-त्सुमारी?

‘एचिगो-त्सुमारी’ नावाचं स्टेशन जपानच्या नकाशावर कुठेच सापडत नाही. सापडतं ते एचिगो-युझावा. मग माणूस म्हणतो हेच असणार, आणि तिथलं हॉटेल बुक करून मोकळा होतो. भाताच्या खाचरांत उभ्या रंगीत आकृत्या, बोगद्याच्या तोंडाशी पाण्यात उमटलेली दरी, असले एचिगो-त्सुमारीच्या कलामहोत्सवाचे फोटो पाहून तो निघालेला असतो. पोचतो मात्र स्कीच्या गावात.

घोळ नावाचा आहे. एचिगो हे आजच्या नीगाता प्रांताचं जुनं नाव. एकाच नावाची दोन स्टेशनं असली की जपानी रेल्वे पुढे जुन्या प्रांताचं नाव जोडते. अकितामध्येही एक युझावा आहे, म्हणून हे एचिगो-युझावा. त्सुमारी मात्र स्टेशनही नाही आणि एखादं गावही नाही. तोकामाची शहर आणि शेजारचं त्सुनान मिळून जो सुमारे ७६० चौरस किलोमीटरचा डोंगराळ मुलूख होतो, त्याचं ते जुनं नाव. गंमत म्हणजे प्रसिद्ध युझावाची वस्ती आठेक हजारांची, आणि कुणी फारसं न विचारणारं तोकामाची हे कागदोपत्री शहर, वस्ती पन्नास हजारांच्या आत. पण २००५ साली आसपासची चार गावं त्यात विलीन झाली, त्यामुळे हे ‘शहर’ फिरायला निघालात तर दिसतात ते डोंगर, भात आणि मधूनच एखादी वाडी.

युझावाचं थोडक्यात सांगतो, कारण ते गाव थोडक्यातच उरकतं. १९८२ साली शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आली आणि टोकियो सव्वा ते दीड तासावर आलं. गाला युझावाला तर गाडीतून उतरलं की स्टेशनातूनच स्कीच्या उतारावर जाता येतं. तेजीच्या काळात इथे सुट्टीच्या फ्लॅटचे टोलेजंग मनोरे उठले. फुगा फुटल्यावर त्यातले काही फ्लॅट लाखभर येनला, म्हणजे बऱ्या मोबाइलच्या भावात, विकायला निघाले. स्टेशनाच्या आतच प्रांतभरातल्या साके चाखायची सोय आहे आणि गरम पाण्याचं स्नानगृहही. उन्हाळ्यात नाएबाला फुजी रॉक हा संगीत महोत्सव भरतो. हाताशी एकच दिवस असेल तर युझावाला जा, त्यात कमीपणा काही नाही.

दोन्हीकडे पडणारा बर्फ एकच आहे. समुद्रावरून आलेले ढग डोंगरांना अडतात आणि दर हिवाळ्यात दोन-दोन, तीन-तीन मीटर बर्फ साचतो. युझावाने तो बाहेरच्यांना विकला. त्सुमारीने तो पिढ्यान्‌पिढ्या उपसला. चार-पाच महिने शेती बंद, रस्ते बंद. मग घरोघरी बायका मागावर बसत. तोकामाची आजही किमोनोचं गाव म्हणून ओळखलं जातं, आणि इथलं सगळ्यात प्रसिद्ध जेवण त्या मागावरूनच उतरलंय.

हेगी सोबा. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. कुट्टूला चिकटपणा नसतो, म्हणून इतरत्र त्यात गव्हाचं पीठ घालतात. इथे गहू कमी, पण विणकरांच्या घरात फुनोरी नावाचं समुद्री शेवाळ असायचंच, कारण सुताला खळ त्याची देत. कुणीतरी तीच खळ पिठात घातली. शेवया किंचित हिरवट, गुळगुळीत आणि दाताला करकरीत झाल्या. ‘हेगी’ म्हणजे ज्यात त्या वाढतात तो लाकडी ट्रे, आणि त्यात त्या एकेका घासाच्या गुंडाळ्या करून मांडतात, अगदी सुताच्या लडी ठेवाव्यात तशा. वासाबी इथे मिळत नसे, म्हणून जुन्या पद्धतीत सोबत मोहरी. युझावातही हेगी सोबा मिळतो आणि चांगला मिळतो, पण त्याचा आकार असा का, हे तोकामाचीतच कळतं. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं: शेवयांत मासा नसतो, सोबतच्या रश्शात बहुतेक वेळा असतोच.

भाताचं तर बोलायलाच नको. हा सगळा पट्टा उओनुमाचा, आणि उओनुमाचा कोशिहिकारी जपानात सगळ्यात नावाजलेल्या तांदळांपैकी. वितळलेला बर्फ खाचरांत उतरतो. होशितोगेच्या उतारावर दोनेकशे लहानमोठी खाचरं आहेत. लावणीच्या आधी पाणी भरलं की पहाटे प्रत्येकात आभाळाचा एकेक तुकडा दिसतो.

पण बर्फाने माणसं घालवलीही. तरुण शहरात गेले, घरं ओस पडली, शाळांना टाळी लागली. एचिगो-त्सुमारी हे जुनं नाव जगभर गेलं ते इथूनच. नीगाताचेच फ्राम कितागावा यांनी २००० साली इथे दर तीन वर्षांनी भरणारा कलामहोत्सव सुरू केला, आणि कलाकृती एका जागी न आणता मुद्दाम वाड्यावाड्यांवर विखुरल्या. बघणाऱ्याला फिरावं लागतं, वाट चुकावी लागते. महोत्सव नसतानाही दोनेकशे कामं जागच्या जागी असतात.

मात्सुदाई स्टेशनाला लागूनच इल्या आणि एमिलिया काबाकोव यांची निळ्या-पिवळ्या आकृत्यांची खाचरं आहेत: नांगरणी, पेरणी, लावणी, कापणी, विक्री. ती खाचरं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. शेती सोडायच्या बेतात असलेल्या त्या माणसाने आधी नकार दिला होता. कल्पना समजल्यावर जागा दिली आणि पुढे काही वर्षं तिथे शेतीही केली. मात्सुनोयामाची बंद शाळा क्रिस्तियान बोल्तांस्की आणि जाँ काल्मान यांनी अंधार, पंखे आणि दिव्यांनी भरून टाकली. एका जुन्या घरात निहोन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी भिंती, खांब, जमीन सगळं छिन्नीने कोरलं. मला स्वतःला नामवंतांच्या कामांपेक्षा हे घर जास्त भावतं. जेम्स टरेल यांच्या ‘हाउस ऑफ लाइट’मध्ये रात्री मुक्काम करता येतो, छप्पर सरकतं आणि आडवं पडून आभाळ बघायचं. उबुसुनाच्या जुन्या गवती छपराच्या घरात गावातल्या बायका जेवण रांधून वाढतात.

आता सगळ्यात मोठी गल्लत. कियोत्सु दरीचा तो प्रसिद्ध बोगदा. १९८८ साली दरड कोसळून अपघात झाला, दरीतली पायवाट बंद झाली आणि तिच्याऐवजी ७५० मीटरचा बोगदा खणला. २०१८ साली मॅड आर्किटेक्ट्सने त्याच्या टोकाला पाण्याचा पातळ थर सोडला, आणि अर्धवर्तुळ तोंडाचं पाण्यात पूर्ण वर्तुळ झालं. ही दरी तोकामाचीच्या हद्दीत, पण बस एचिगो-युझावा स्टेशनाबाहेरून सुटते. म्हणून लोक सांगतात, ‘आम्ही युझावाला बोगदा बघितला.’

पुढे जायचं तर होकुहोकु लाइनची गाडी धरायची. १९९७ साली ही लाइन झाली तेव्हा कानाझावाला जाणाऱ्या वेगवान गाड्या इथूनच धावायच्या. २०१५ला कानाझावाची शिंकानसेन सुरू झाली आणि त्या बंद पडल्या. आता टोकियोहून कानाझावाला जाणारा प्रवासी इथून जातच नाही. शिवाय परदेशी पाहुण्यांचा टोकियो वाइड पास युझावापर्यंतच, होकुहोकु वेगळ्या कंपनीची. पास संपतो तिथे उतरायचा मोह कुणाला होत नाही! फिरायला मात्र मोटारगाडीच हवी. आपल्याकडे आरटीओ देतं ते आंतरराष्ट्रीय परमिट जपानात चालतं, आणि गाड्याही आपल्यासारख्या डाव्या बाजूनेच. बर्फात बऱ्याच कलाकृती बंद असतात, तेव्हा मे ते ऑक्टोबर बरा.

गरम पाण्यातही फरक आहे. युझावाचं पाणी आंघोळीचं. मात्सुनोयामाचं चक्क खारट, जमिनीखाली अडकून राहिलेल्या प्राचीन समुद्राचं. जपानच्या तीन औषधी झऱ्यांत त्याची गणना होते.

आणि तोकामाचीला गेलेल्या मराठी माणसाने ओइकेचं मिथिला संग्रहालय चुकवू नये. संगीतकार तोकिओ हासेगावा यांनी १९८२ साली एका बंद शाळेत ते उभं केलं. नाव मिथिला, पण मधुबनीच्या जोडीने डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रंही इथे आहेत. भारतातले आदिवासी आणि लोकचित्रकार इथे येऊन, राहून काम करत. गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांचा २००१ साली मृत्यू झाला तो याच संग्रहालयात. तोवर अशा लांबच्या मुक्कामांबद्दल फारसे प्रश्न कुणी विचारले नव्हते. वारलीतला पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा असतो. संग्रहालयातून बाहेर पडलं की समोर जंगल, आणि खाली उतरलं की पुन्हा भात.